तुटका ळ

माझ्या मशीनचा ळ पहिल्यापासून तुटका.
दोन डोळ्यांतला एक फुटलेला,
लिलावात तसाच मिळाला.
सुपडू वकील म्हणाले, राहू दे रे,
आपल्या बोलीत तरी कुठे आहे ळ?
डोळ्याला डोया म्हणतो आपण, सकाळला सकाय,
आणि या धुळ्याला धुयं.
हे यंत्र खान्देशातच जन्मलं असणार.

सुपडू म्हणजे सुपात घातलेलं पोर.
आधीची तीन गेली, म्हणून आईनं
याला सुपात घालून शेजारणीला दिलं
आणि पसाभर दादर मोजून परत विकत घेतलं.
फीचं कुणी विचारलं की ते हेच सांगत :
पसाभर दादर. तेवढीच माझी किंमत.
मग फी म्हणून भरताची वांगी आली, शेंगा आल्या,
गिरणीतून काढलेल्या एका जॉबरनं कोंबडा आणला,
तो उलटतपासणीच्या ऐन मध्यात आरवला.

निवडणुकीची पत्रकं मीच टाईप केली.
विळा-कणसातला विळा काही धड उमटेना.
पक्षातले लोक चिडले.
वकील म्हणाले, वापरातला दिसतो, बरं आहे.

चारशे अकरा मतांनी नगराध्यक्ष झाले
आणि त्या मोठ्या खुर्चीत
पुढच्या कडेवर बसू लागले, साक्षीदारासारखे.
पांझरेत वाळू. नळ चौथ्या दिवशी.
गल्ली नंबर सहाच्या बायका रिकामे हंडे घेऊन
थेट दालनात :
"वकीलसाहेब, पानी कव्हय यी?"
वकिलाकडे उत्तर नसलेलं
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग चमेलीबाई घारू आली, मागे अठरा झाडूवाले.
पगाराचा फरक थकलेला, हातमोजे नाहीत,
बाळंतपणाची रजा कापलेली.
"तुम्हीच शिकवलं, कागदावर मागा.
आता मागायचं तर तुमच्यावरच."
त्यांनी नेमलेला वकील नवा, पोरगेलासा.
त्याचा मसुदा साहेबांनी उभ्यानं वाचला,
काही न बोलता परत दिला.

रात्री साडेदहाला माझ्या खोलीची कडी वाजली.
"मशीन काढ."
कामगारांचा अर्ज त्यांनी तोंडी सांगितला,
प्रतिवादी : सुपडू काशीराम बोरसे,
बापाचं नाव गाळलं नाही.
पोरगेल्या वकिलानं एक पळवाट उघडी ठेवली होती,
ती स्वतःच्या हातानं बुजवली.
मग आम्ही चहा प्यालो, बशीतून.
मग पालिकेचं उत्तर सांगितलं.
तेही खोटं नव्हतं : तिजोरीत नाही, एवढंच.
जाताना म्हणाले, दोन्हीचे पैसे माझ्या नावावर लिही.

न्यायाधीशांनी दोन्ही कागद उजेडाकडे धरले.
बराच वेळ.
"या दोघांचा ळ एकच आहे."
माझ्या पोटात खड्डा.
वकील उठले, कोट सारखा केला,
"होय साहेब. गावही एकच आहे."

पालिका हरली.
ते हरले की जिंकले, मी विचारलं नाही.
पाण्याच्या टाकीचे पैसे फरकात गेले,
गल्ली नंबर सहानं त्यांना दोन महिने
रामराम घातला नाही,
हेही सांगायला हवं.

अविश्वासाचा ठराव टाईप करायला
माझ्याकडेच आला.
केला. रोख घेतले.
घरी पोरगी तापानं फणफणलेली होती.
दुसऱ्या दिवशी ते बाररूमच्या बाकावर,
जुन्या जागी, पाय वर घेऊन बसलेले.
म्हणाले, ठराव वाचला, शुद्धलेखन छान.

गेले त्या वर्षी पालिकेनं शोकठराव केला.
"हे सभागृह हळहळ व्यक्त करते."
दोन्ही ळ एका डोळ्याचे उमटले.
हेडक्लार्क म्हणाला, बरं दिसत नाही,
पेननं नीट कर.
मी पेन काढलं, टोपण उघडलं,
जरा वेळ कागदाकडे बघितलं
आणि टोपण परत लावलं.